जिराफ पुरे, आता खुळखुळा: उद्यान अधीक्षकांना आणि शिल्पकारांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या महापालिका-नगरपालिकांचे उद्यान अधीक्षक,
आणि चौक सुशोभीकरणाची कामं घेणारे शिल्पकार

स. न. वि. वि.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे. एरवी तुमची गाठ पडते ती कामं वाटून झाल्यावर. स्थापत्य विभाग चौकातलं बेट बांधतो, मग शिल्प येतं आणि उरलेल्या जागेत उद्यान विभाग लॉन अंथरतो. शिल्पकाराला लॉनशी देणंघेणं नाही, माळ्याला शिल्पाशी नाही. माझं म्हणणं या क्रमाबद्दल आहे. शहरातली रानफुलं आणि त्यांच्यावर जगणारे जीव वाचवायला सध्या शिल्पाइतकं उपयोगी दुसरं काही मला दिसत नाही. मात्र ते शिल्प त्याच कामासाठी घडवलेलं हवं.

आज काय दिसतं? राज्यातल्या कुठल्याही मध्यम शहरात शिरा. पहिल्या मोठ्या चौकात फायबरचा जिराफ, हरणांची जोडी, नाहीतर एका पायावर उभे फ्लेमिंगो. पायाशी कार्पेट लॉन, कडेला पिवळ्या डुरांट्याची हेज, रात्री हिरवे-जांभळे दिवे. पुलाच्या खांबांवर प्लॅस्टिकच्या कुंड्यांची भिंत. उद्घाटनाला तिच्यात पेटुनिया असतात, एप्रिलमध्ये नुसत्या कुंड्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण उगाच तेरड्याला नावं ठेवतो.

डुरांटा आणि पेटुनिया परदेशी आहेत, ही माझी तक्रार नव्हे. मिरची आणि बटाटाही बाहेरूनच आले. तक्रार अशी की या एवढ्या हिरवाईत खायला काही नाही. सतत छाटलेल्या हेजला फूल धरत नाही. लॉनवर काही उगवायच्या आत मशीन फिरतं. ब्लू मॉरमॉन हे फुलपाखरू आपण 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते, जंगलात माकडलिंबावर. आपल्या बागांमध्ये भिंतीवर रंगवलेले फुलपाखराचे पंख आहेत, मध्ये उभं राहून सेल्फी काढायला. अळीला मात्र पान नाही.

पुण्यात आमच्या भागात, टेकडीच्या पायथ्याला, रस्त्याने कापून उरलेला एक त्रिकोणी तुकडा होता. रुईची तीन-चार झुडपं, खुळखुळा, थोडी पिवळी कोरांटी, कुसळी गवत, मध्येच तेरडा. कुणी लावलेलं नव्हतं. या रुईचं पान उलटलं की प्लेन टायगर फुलपाखराची अळी हमखास सापडायची. अंगावर पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ही अळी पान खायच्या आधी त्याची शीर कुरतडते. चीक तिथेच गळून जातो आणि पुढचा भाग ती निवांत खाते. रुईच्या फुलांवर काळे भुंगे यायचे. कोरांटीवर पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्या. ऑक्टोबरात कुसळीच्या दाण्यांना मुनियांचे थवे.

एका दसऱ्याच्या आधी तिथे ग्रास कटर फिरला. ‘स्वच्छता’ झाली. बी धरायच्या ऐन वेळेला सगळं कापलं गेलं, आणि पुढच्या पावसात त्या जागी गाजर गवत आलं. हे होणारच होतं. उघडी पडलेली, खणलेली जमीन सगळ्यात आधी तेच बळकावतं. भारतात त्याची पहिली नोंद 1950च्या दशकात झाली तीही पुण्यातच, त्यामुळे इथल्या जमिनीशी त्याची जुनी ओळख आहे.

कापणाऱ्या कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना क्षेत्रफळ दिलं होतं, त्यांनी ते कापलं. आपल्याकडे शहरातलं झाड तोडायचं तर 1975च्या कायद्याखाली परवानगी लागते. गवताला, वेलीला, हंगामी रानफुलाला असं काही कवच नाही. कागदावर ती जागा ‘मोकळी’ असते. त्याच चौकात दहा फुटांवर एक दगडी शिल्प होतं. त्याच्या चौथऱ्याला ग्रास कटर लागू नये म्हणून माणूस वाकून, जपून काम करत होता. एवढं बघितलं आणि माझ्या डोक्यात या पत्राचं बी पडलं.

शिल्पाला आपण आपोआप मान देतो. त्याच्यावर नाव असतं, तारीख असते, उद्घाटनाची कोनशिला असते. त्याला हात लावायचा तर कुणाला तरी विचारावं लागतं. तो मान शेजारच्या रुईपर्यंत ताणता येईल का, एवढाच प्रश्न आहे.

ताणता येतो, याचं चांगलं उदाहरण जर्मनीत आहे. जोसेफ बॉइस या कलावंताने 1982 साली कासेल शहरात सात हजार झाडं लावायचं काम कलाकृती म्हणून सुरू केलं. संग्रहालयासमोर बेसॉल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. एक झाड लागलं की ढिगातली एक शिळा उचलायची आणि त्या झाडाशेजारी उभी करायची. झाडं लागत नाहीत तोवर ढीग लोकांच्या डोळ्यांत खुपत राहणार. काम 1987 साली संपलं, तोवर बॉइस वारलेही होते. शिळा वाढत नाही, झाड वाढतं, त्यामुळे दोघांचं प्रमाण दरवर्षी बदलतं. आणि शेजारी शिळा असली की ते झाड सहजासहजी कुणाच्या नजरेतून सुटत नाही. शिळा बेसॉल्टची होती हे मुद्दाम सांगते. आपल्यातले बहुतेक बेसॉल्टवरच राहतात. आपल्या शिल्पकारांना हा दगड बाहेरून मागवावा लागणार नाही.

अलीकडे गाडी आणखी पुढे गेली आहे. लंडनच्या क्यू उद्यानात 2016पासून कलावंत वुल्फगँग बट्रेस यांचं 17 मीटर उंचीचं ॲल्युमिनियमचं पोळं उभं आहे. त्यातले दिवे आणि आवाज खऱ्या पोळ्यातल्या मधमाश्यांच्या हालचालींवर चालतात. देखणं आहे, पण मधमाशीला त्याचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो भोवतीच्या रानफुलांच्या कुरणाचा. त्याहून मला भावतं ते अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग या कलावंतांचं काम. 2021 साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्ट या वनस्पती उद्यानासाठी त्यांनी एक बाग केली. तिची मांडणी माणसाच्या डोळ्याला काय आवडेल यावर ठरत नाही. जास्तीत जास्त जातींच्या परागवाहकांना काय लागेल, ते संगणकाला विचारून ठरवली आहे. पुढच्या वर्षी लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्येही तशी बाग झाली. प्रेक्षक बदलला की कलाकृती कशी बदलते, ते यात दिसतं.

पण ही कामं जशीच्या तशी इथे उचलून आणू नका. तिकडे वसंतापासून शरदापर्यंत काही ना काही फुलत राहतं. आपल्या देशावरच्या टेकड्या जुलै ते ऑक्टोबर फुलतात. डिसेंबरात गवत सोन्यासारखं दिसतं, मार्चमध्ये करडं होतं, मे महिन्यात उघडी ढेकळं उरतात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने ही जागा नागरिकांच्या भाषेत ‘वाळलेली’ असणार. नगरसेवकाला फोन जातो तो या महिन्यांत, टँकर येतो तो या महिन्यांत, आणि ‘इथे काहीतरी करा’ म्हणून पेव्हिंग ब्लॉक बसतात तेही याच महिन्यांत. शिल्पकारहो, तुमची खरी गरज इथे आहे. सप्टेंबरात फुलं आपली आपण समर्थ आहेत. वाळलेल्या महिन्यांत ती जागा मुद्दाम अशी ठेवली आहे, हे सांगणारं काहीतरी तिथे उभं हवं.

खुळखुळ्याचंच घ्या. त्याची पिवळी फुलं गेली की शेंगा फुगतात, वाळतात, आत बिया सुट्या होतात आणि वाऱ्याने वाजतात. म्हणून तर मुलं त्याच्याशी खेळतात. ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांचे नर या झाडावर, अगदी वाळलेल्या भागांवरही, गर्दी करतात. मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला लागणारी द्रव्यं त्यांना त्यातून मिळतात. वाळलेल्या झाडाला फुलपाखरं लगडलेली आहेत आणि वारा आला की ते झाड वाजतं आहे, यापुढे तुमचा दिव्यांचा कारंजा काय करणार? त्यासाठी वाऱ्याला वाट करून देणारी एक अर्धवर्तुळाकार दगडी भिंत बांधा. आत खुळखुळ्याचा दाट पट्टा. आवाज घुमेल अशी भिंत कशी करायची ते तुम्ही जाणता.

दुसरी कल्पना झोपलेल्या माश्यांची. ब्लू-बँडेड बी नावाची, मधमाशीच्या भाऊबंदांतली एक माशी आपल्याकडे सगळीकडे आहे, पोटावर निळसर चमकते पट्टे. ती फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग झटकून घेते. वांगी-टोमॅटोच्या फुलांना हेच लागतं, मधमाशीला ते जमत नाही. या जातीचे नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने लटकतात आणि रात्रभर तसेच झोपतात. बारीक काड्यांचं, तारांचं शिल्प करणारे कलावंत आपल्याकडे कमी नाहीत. वाळक्या गवताच्या काड्या आणि तुमच्या सळया यांतलं अंतर मिटेल असं काही करा. पाहुणे तुमच्या सळईवर येतील याची हमी मी देत नाही. म्हणून खऱ्या काड्याही राहू द्या.

तिसरी, मातीची भिंत. मधमाशीच्या या भाऊबंद माश्यांच्या बहुतेक जाती, म्हणजे साधारण सत्तर टक्के, पोळं बांधत नाहीत तर जमिनीत बिळं करतात. फुटपाथ कडेपासून कडेपर्यंत ब्लॉकने भरला की त्यांचं घर गेलं. पांढऱ्या मातीची, दक्षिणेकडे तोंड करून उभी राहणारी जाड भिंत, वर पावसापासून आडोसा, पायाशी दोन हात मोकळी जमीन, एवढं पुरतं. घराच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीची मडकी करते, तीही इथे येईल. तिच्या मडक्यात बेशुद्ध केलेल्या अळ्या भरलेल्या असतात, म्हणजे शेजारच्या परसबागेतली कीड फुकटात कमी. भिंतीत बांबूचे तुकडे बसवायचे तर तीन ते दहा मिलिमीटर भोकाचे, वीतभर खोल, मागून पेराने बंद असलेले घ्या. आणि हे ‘बी हॉटेल’ प्रचंड करू नका. एका जागी गर्दी झाली की परजीवी आणि बुरशी तिथेच माजतात. शंभर भोकांच्या एका भिंतीपेक्षा दहा-दहा भोकांच्या दहा भिंती बऱ्या. कुंभारवाड्यातल्या माणसाला सोबत घ्या, तुमच्या दोघांपेक्षा त्याला मातीतलं जास्त कळतं.

आणि पत्री. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये आघाडा, माका, रुई, डोरली, विष्णुक्रांता आहेत. ही सगळी कुंपणाकडेची, बांधावरची रानटी झाडं. कोकणात तर तेरड्याच्याच गौरी बसतात. ज्या रोपाला भाद्रपदात आपण हात जोडतो, त्याच्यावर आश्विनात ग्रास कटर फिरवतो. मंडईत पत्री म्हणून मिळणाऱ्या जुडीत अनेकदा कुठलाही पाला असतो, आणि ज्यांना खरी हवी असते ते टेकडी ओरबाडतात. एखाद्या जुन्या देवळापाशी एकवीस दगडी द्रोणांचं पत्रीशिल्प करायला काय हरकत आहे? प्रत्येक द्रोणात एक वनस्पती, काठावर कोरलेलं तिचं नाव. शमीसारख्या झाडाला द्रोण पुरणार नाही, त्याला खाली जमिनीत जागा द्या. एक पान तोडायला कुणाची हरकत नको, मुळासकट उपटायला हवी.

आता अधीक्षकसाहेब, तुमच्याकडचं. हे कलेपेक्षा अवघड आहे.

पहिली गोष्ट, पोयटा टाकू नका. चांगली माती आणि शेणखत घातलं की रानफुलं दबतात आणि धटिंगण तण उठतं. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे. अन्न इतकं कमी की सीतेची आसवं हे फूल किडे पकडून गुजराण करतं. म्हणूनच तिथे एकाच जातीची दादागिरी चालत नाही. तुमच्या बेटात मुरूम भरा, वर पातळ थर स्थानिक मातीचा. खर्चही कमी होतो, पण अंदाजपत्रकात कमी खर्च दाखवायला धैर्य लागतं हे मला माहीत आहे.

दुसरी, बी. ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ नावाने मिळणाऱ्या पाकिटांत बऱ्याचदा कॉसमॉस आणि झिनियाच असतात. मेक्सिकोतून आलेलं ते कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांवर आधीच पसरलं आहे, लोक त्यात उभं राहून फोटो काढतात आणि त्यालाच रानफूल समजतात. त्यात तुमच्या खात्याची भर नको. कासवरूनही काही आणू नका. जागतिक वारशाच्या यादीत 2012 साली गेलेल्या पठारावरची झाडं तिथेच शोभतात, आणि जांभ्यावरचं फूल बेसॉल्टवर रुजेलच असं नाही. कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ झाडं तर मुळीच खणू नका. त्या फुलाचा कंदिलासारखा घाट, आतले खाली वळलेले केस, त्यात अडकणारी आणि केस सुकल्यावर सुटणारी छोटी माशी, हे सगळं शिल्पकाराने दगडात करावं, झाड डोंगरावर राहू द्यावं. तुमचं बी तुमच्याच शहराच्या दहा-वीस किलोमीटरमधलं असावं. रुई, खुळखुळा, कोरांटी, तेरडा, सोनकी, कुसळी: सगळं साधं, मुबलक, कुणाला हेवा वाटू नये असं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: कापणी. वर्षातून एकदाच, बी झडल्यावर, साधारण डिसेंबर संपताना. त्याआधी नाही, दसरा-दिवाळी-पाहणी दौरा काहीही असो. त्यानंतर फार लांबवू नका, कारण फेब्रुवारीपासून एक पेटती काडी पुरते. कापलेलं गवत दोन दिवस तिथेच वाळू द्या म्हणजे उरलेलं बी झडेल, मग उचला. सगळं एका वर्षी कापू नका, तिसरा हिस्सा उभा ठेवा. त्या काड्यांत कुणीतरी झोपलेलं असतं. हे निविदेत लिहा, नाहीतर कंत्राटदार बदलला की सगळं गेलं. शिल्पाला जसा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड झाला तर कंत्राटदाराने स्वतःच दुरुस्त करायचा काळ, असतो तसा या लागवडीला तीन पावसाळ्यांचा ठेवा. पहिल्या वर्षी काही दिसणार नाही, गाजर गवत मात्र फुलायच्या आत हाताने उपटावं लागेल. बिल क्षेत्रफळावर काढू नका, कारण क्षेत्रफळावर बिल म्हणजे जास्त कापणी.

रात्रीचे दिवे नकोत. याची चर्चा वाढवत नाही. पतंगांना आणि वटवाघळांना अंधार लागतो, आणि वीजबिल तुम्हीच भरता.

तक्रारी येतील. साप येतील, डास होतील, बकाल दिसतं. डास साठलेल्या पाण्यात होतात, गवतात नव्हे. फुलपाखरांसाठी ओल ठेवायची तर उथळ दगडावर ठिबकची एक तोटी पुरते, डबकं नको. बकालपणावर उपाय सोपा आहे. बेटाची एक मीटरची कड वर्षभर नीट कापलेली ठेवा. कड नीटस असली की आतला दंगा लोकांना मुद्दाम केलेला वाटतो, आणि आत शिल्प असलं की खात्रीच पटते. शाळेसमोर रुई आणि कळलावी लावू नका, दोन्ही विषारी. आणि ऐन वाहतुकीचा मोठा चौक यासाठी निवडू नका. गाड्यांच्या लोंढ्यात फुलपाखरांना आमंत्रण देणं बरं नाही. टेकडीचा पायथा, नाल्याचा काठ, रस्ते कापून उरलेले त्रिकोण, दवाखान्याचं आवार, अशी साखळी धरा. जिराफ हवा तर राहू द्या मोठ्या चौकात, तो कुणाचं काही खात नाही.

हे आपल्याकडे होत नाही असं म्हणू नका. माहीमला कचराभूमीवर उभं केलेलं निसर्ग उद्यान 1994पासून लोकांसाठी खुलं आहे. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी 2006पासून वेडी बाभूळ काढून राव जोधा उद्यानात वाळवंटी खडकावरची मूळ झाडं परत आणली. तिथे कातळातून मुळं उकरायला पिढ्यान् पिढ्या खाणीत काम केलेले खंडवालिये बोलावले, कारण खडक कुठे फुटतो ते त्यावर ठोकल्याच्या आवाजावरून त्यांना कळतं. आपल्या पाथरवटांना आणि शहराच्या कडेने शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्यांना अशा कामावर कधी बोलावलंय का? ‘कुशल कामगार’ या रकान्यात ती माणसं बसतील.

पैसा नवा लागत नाही. चौक सुशोभीकरणाची तरतूद आहेच. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या झाडांची-जिवांची नोंद, असायला हवी. शिल्पाची निविदा निघायच्या आधी ती नोंदवही टेबलावर उघडा आणि शिल्पकाराला समोर बसवा. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानाचे गुण मिळवायला तुम्ही दरवर्षी धडपडता, त्या अहवालात लावायला हे फोटो वाईट नाहीत.

सुरुवात एका तुकड्यापासून करा आणि ती आत्ताच करा, कारण खुळखुळ्याच्या शेंगा दिवाळीनंतर वाळायला लागतात आणि बी गोळा करायला फार तर जानेवारीपर्यंतचा वेळ असतो. जागा ठरवून एप्रिलपर्यंत मुरूम भरला, मे अखेर दगड उभे राहिले, तर पहिल्या पावसाआधी बी पडेल. जागा निवडताना आणि बी गोळा करताना आमच्यासारखे टेकडीवर फिरणारे लोक हाताशी आहेत. बोलावलंत तर कागदी पिशव्या घेऊन येऊ.

कळावे,
आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, पुणे